एकशे चौदा नंबरवरची थैली

१२ जून

"गाभण म्हैस!"

माझी थैली दोन बोटांत धरून कुनुलने सगळ्यांना दाखवली आणि हे म्हणाला. दोर सांभाळणारा लादिम हसून हसून दोरांच्या ढिगावर आडवा झाला. झाडावर दोरी चढवायची ती थैली तीन संध्याकाळी बसून शिवली होती मी. कॅनव्हास कापला, दाभणाने बोट फोडून घेतलं, बियांच्या तराजूवर शिशाचे छर्रे तोलून भरले — तीनशे ग्रॅम, एक छर्रा इकडेतिकडे नाही.

कुनुलने ती दोन पायांमधून झुलवली आणि शेडमागच्या रंबुतानच्या झाडावर फेकली. पहिल्याच बेचक्यात जाऊन बसली. दोरी ओढली — हलेना.

"बघ. जाड थैली झाडाकडे राहते, सडपातळ घरी येते. हे नाही का शिकवलं कॉलेजात, ग्रॅज्युएट बाई?"

मी दुपारी त्याच्या कॉफीत साखर घातली नाही. त्याने पूर्ण कप प्यायला. कळलं नाही, की कळू दिलं नाही — माहीत नाही.

हसा. मी इथे बियाणं अधिकारी म्हणून आले, असं सगळ्यांना वाटतं. मी आले ती एकशे चौदा नंबरच्या झाडासाठी.

१३ जून

एकदा नीट लिहून काढते. म्हणजे डोकं थोडं निवेल.

दोन वर्षांपूर्वी, चार ऑगस्टला, आमा एकशे चौदावरून पडले. माझे वडील, गिम्बांग. या बियाणं केंद्रात बावीस वर्षं झाडं चढले, उंच सेराया वृक्षांच्या बिया उतरवल्या. दोरावर अकरा मीटर गेले होते तेव्हा दोराची फांदी तुटली. खुबा गेला. तेव्हापासून घराच्या पायरीवर बसून लोकांची जाळी दुरुस्त करतात. मी तेव्हा कोटा किनाबालूला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. परीक्षा बुडेल म्हणून मला आठ दिवस कळवलंच नाही!

अहवाल कुनुलने लिहिला. चढणाऱ्यांचा मुख्य तोच. "चढणाऱ्याने चुकीची फांदी निवडली." बस. चार शब्द. बावीस वर्षांना चार शब्द. आणि गावाने त्यात आपले घातले — गिम्बांगचे डोळे गेले होते, गिम्बांगने सकाळीच तापाईची दारू घेतली होती. इनाला, माझ्या आईला, बाजारात हे ऐकावं लागतं. भाजीवाली तिच्याकडे बघून आवाज कमी करते.

पण इथला नियम आहे — एक झाड, एक हात. ज्याची थैली पहिली वर जाते, बेचका तोच निवडतो, फांदी तोच निवडतो, शेवटपर्यंत तोच. दुसऱ्याच्या थैलीला कोणी हात लावत नाही. ताटात हात घातल्यासारखं ते. आणि थैली वर अडकलीच, तर झाडाने ती ठेवून घेतली असं समजायचं, त्या दिवशी ते झाड सोडायचं.

एकशे चौदाच्या वरच्या बेचक्यात एक थैली अजून लटकते आहे. पहिल्याच आठवड्यात दुर्बिणीतून पाहिली. शेवाळलेली, पण निळी.

आमांच्या थैल्या खाकी. जुन्या तंबूच्या कापडाच्या. निळ्या ताडपत्रीच्या थैल्या शिवतो तो कुनुल. सगळ्या निळ्या, कायम निळ्या.

म्हणजे त्या दिवशी पहिला हात त्याचा होता! त्याची थैली अडकली, तरी त्याने झाड सोडलं नाही. दुसरी थैली खालच्या, सडक्या फांदीवरून टाकली आणि आमांना चढवलं. आणि मग चार शब्द लिहिले.

ती थैली मी खाली आणणार. केंद्रप्रमुख फोंग मॅडमच्या टेबलावर ठेवणार. तो समोर बसलेला असताना.

१६ जून

लादिमला सहज म्हणून विचारलं — त्या दिवशी तू होतास का?

"मी बहिणीच्या लग्नात नाचत होतो. झाडाखाली ते दोघंच. का गं?"

"काही नाही."

दोघंच. एक बोलत नाही. एकाने चार शब्द लिहिले.

२४ जून

तिसरी थैली. या वेळी कुनुलने फेकून दिली नाही. उलटी-सुलटी करून पाहिली, कानाजवळ हलवली, म्हणाला, "छर्रे बोलतात. अजून भर. पण ठासू नकोस, बोटभर सैल ठेव. दगडासारखी झाली की फांदीवरून उसळते. मऊ असली की सरपटत उतरते."

शिकवतो चांगलं — हे मान्य केलं पाहिजे. दोनशे ग्रॅमची थैली उंच जाते, पण वर पानांतच बसून राहते. दोरी ओढून खाली यायला तिच्यात जीव नसतो. चारशेची खाली येते, पण वर जाताना रडते. आमच्या सेरायांना, गलोलीतून, तीनशे ते साडेतीनशे. आकार मिरचीसारखा. शिवण आतून, दुहेरी, मेण लावलेल्या दोऱ्याने. कडी चपटी. गाठ हरभऱ्याएवढी, त्याहून मोठी नाही — मोठी गाठ म्हणजे झाडाला दिलेला हात, झाड तो धरणारच.

दोरीचंही असंच. आमा मासे धरायची दोरी वापरायचे, ती कुरळी होते. आता दोन मिलिमीटरची गुळगुळीत नारिंगी. गुंडाळायची नाही, खोक्यात नुसती पडू द्यायची, नूडल्ससारखी. मग गुंता होत नाही. मला पटत नव्हतं. एक पूर्ण दुपार गुंता सोडवत बसले, मग पटलं.

त्याच्याच हाताखाली शिकायचं आणि त्याचाच हात छाटायचा. यात मला लाज वाटत नाही. वाटायला हवी का? नाही वाटत.

आज आठवलं — दुसऱ्या वर्षाला असताना मीही एक थैली शिवली होती आमांसाठी. वसतिगृहात, खोलीतल्या मुलीचं मशीन मागून. काय माहिती होतं तेव्हा मला! भौतिकशास्त्राच्या वहीत गणित मांडलं, चारशे ग्रॅम काढले, भोपळ्यासारखी गोल केली, शोभेला तांब्याचं बटण लावलं आणि बसने पाठवली. आमा फोनवर म्हणाले, फार सुंदर आहे. पुढच्या सुट्टीत विचारलं तर म्हणाले, दुसऱ्याच दिवशी नदीत पडली, वाहून गेली. बरं झालं गेली! कुनुलच्या हाती लागली असती तर म्हशीवर थांबला नसता.

५ जुलै

दोन दिवस घरी. इनाने लिंबातली कच्ची मासळी केली होती, माझ्या आवडीची. भिंतीवर माझा पदवीचा फोटो. त्याला आता प्लास्टिकची फुलं लावलीत. देवासारखी! काढा म्हटलं तर इना रागावली.

आमांना माझी नवी थैली दाखवली. बोटांनी शिवण चाचपली, तळहातावर तोलली.

"सव्वातीनशे?"

"तीनशे वीस."

"कुनुलने शिकवलं. त्याचा हात ओळखू येतो."

"त्याचं नाव नका घेऊ आमा."

"का? चांगलं शिकवलंय."

मग मी विचारलंच. सरळ. "एकशे चौदावर थैली कोणाची आहे?"

जाळ्यातली सुई थांबली.

"झाडाची."

"झाडाची व्हायच्या आधी कोणाची होती?"

"अगं, पोरीला भात वाढ," आत इनाकडे बघून म्हणाले.

इना पातेलं घेऊनच बाहेर आली. "एवढं शिकवलं तुला, ते काय हे उकरून काढायला? माणूस बसलाय ना डोळ्यांसमोर? जिवंत आहे ना?"

"जिवंत आहेत, पण नाव मेलंय त्यांचं!"

मासळी तशीच राहिली. आमा उठताना पायरीचा खांब धरून उठले, आणि मला मदत करू दिली नाही. निघताना एवढंच म्हणाले — "दोर लावलास की चढण्याआधी दोघांना लटकवून फांदी तपास. एकाने नाही, दोघांनी."

त्यांनाही त्याची भीती आहे, म्हणूनच बोलत नाहीत. माझा राग दुप्पट झाला. एक त्यांच्या वाटणीचा.

११ जुलै

वहीच्या मागच्या पानावर कुनुलच्या चुका लिहिते आहे. महिन्यात सतरा. यातल्या नऊ अशा, की तोंडाने शिकवतो एक आणि करतो दुसरं — हेल्मेटचा पट्टा सैल, शेडचं दार उघडं, गलोलीवर कव्हर नाही. तारखेसह.

१८ जुलै

अडतीस मीटर! गलोलीतून, माझ्या थैलीने, हव्या त्याच बेचक्यातून! थैली पलीकडून अशी सुळकन उतरली, जशी घरी जायची घाईच आहे तिला. लादिमने शिट्टी मारली. "म्हशीला रेडकू झालं!"

कुनुलने खिशातून एक जुनी कडी काढून माझ्या हातात ठेवली. पितळी, झिजून कडा गोल झालेली. "दोरी कापत नाही ही. नवीन कड्या कापतात. लाव पुढच्या थैलीला."

का देतो आहे मला? मन खातंय म्हणून. दुसरं काय! अपराधी माणूस गोडच होतो.

कडी मात्र लावली. चांगली आहे.

२६ जुलै

मीटिंग. यंदा सगळं जंगल एकदम फळलंय. पाच-सहा वर्षांतून एकदा असं होतं. तीन आठवड्यांत बिया गळायला लागतील आणि डुकरं खातील. फोंग मॅडमनी नकाशा पसरला आणि पेन्सिल एकशे चौदावर ठेवली. "याच्याएवढं जुनं आईझाड या पट्ट्यात दुसरं नाही. कुनुल, कधी?"

"त्यावर नाही, मॅडम."

"का?"

"झाडाने ठेवून घेतलंय. जे घेतलं ते घेतलं. राहू द्या."

"रोपवाटिकेत हे कारण चालत नाही."

मी त्याचे कान बघत होते. लाल झाले होते. माझ्या छातीत एक थंडगार आनंद झाला — हो, आनंदच. खोटं कशाला लिहू.

"मी चढते," मी म्हणाले.

"नाही!" तो ओरडला. सगळे दचकले. दोन महिन्यांत त्याचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता.

"घाबरलात?" काका म्हटलं नाही मी. इथे त्याला काका न म्हणणारी मी एकटीच.

"हो," तो म्हणाला.

सापडला! स्वतःच्या तोंडाने.

४ ऑगस्ट

मुद्दाम आजची तारीख निवडली.

तक्रार दिली. चार पानं, टाइप केलेली. पहिला हात कोणाचा, नियम काय, थैलीचा रंग कोणता, अहवाल कोणी लिहिला, सतरा चुका तारखांसह. मागणी एकच — अहवाल बदलावा आणि कुनुलला चढणाऱ्यांच्या कामावरून कायमचं काढावं. खाली सही, सहीखाली पदवी. पदवी लिहिताना पेन जरा जास्तच दाबला गेला.

फोंग मॅडम चष्मा काढून बसल्या. "जुनेटा, पुरावा?"

"बेचाळीस मीटरवर लटकतोय."

"आणि तो काढणार कोण?"

"मीच."

त्यांनी कुनुलला बोलावलं. पानं वाचायला दिली. त्याने पहिलं पान वाचलं, बाकीची उलटली नाहीत. निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही, असं मॅडमनी सांगितलं. मला वाटलं आता ओरडेल, नाहीतर रडेल, नाहीतर आमांवर काहीतरी ढकलेल. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्याने शेडची किल्ली टेबलावर ठेवली. माझ्याकडे वळून म्हणाला, "गलोलीचं रबर सुकलंय. बदलून घे. ते नको वापरूस."

एवढंच! बचाव नाही, शिवी नाही. दोन महिने सूड शिजवला आणि समोरच्याने ताटच ओढलं नाही.

तरी आज जेवण गोड लागलं. दोनदा भात घेतला.

८ ऑगस्ट

लादिम बोलत नाही. दोर मागितला की देतो, मान वर करत नाही. आज फक्त एकदा म्हणाला, "तुझ्या बापाला जंगलातून पाठीवर कोणी आणलं, विचारलंस कधी? नऊ किलोमीटर."

पाडलं त्यानेच, मग उचलायला काय झालं? — हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणता आलं नाही.

रबर बदललं. सुकलेलं होतं खरंच.

१३ ऑगस्ट

पहाटेचं धुकं उतरल्यावर एकशे चौदाखाली पोचलो. मी आणि लादिम. थैली तीनशे वीसची, पितळी कडीची. एक झाड, एक हात — आज हात माझा.

पहिली फेक डावीकडे गेली. दुसरी दोन फांद्यांवरून पडली. हावरटासारखा तोच दोर लावायचा नसतो. थैली परत वर ओढली, बाहेरच्या फांदीवरून सोडवली, खाली घेतली. तिसरी — बरोबर वरच्या बेचक्यातून, त्या निळ्या गोळ्यापासून हातभर अंतरावर. नारिंगी दोरीमागे दोर चढला, पलीकडून उतरला.

आता दोघांनी लटकायचं. लादिम एकटा. मी चढणार, मी लटकून उपयोग नाही. नियमाने खालची दोन माणसं हवीत. तिसरा आणायचं मला सुचलंच नव्हतं! एवढी चार पानं लिहिणाऱ्या मला!

"एकाने भागत नाही," मागून आवाज आला.

कुनुल. साध्या कपड्यांत, पायात रबरी बूट. कोणी बोलावलं नव्हतं. पायवाटेवर केव्हापासून उभा होता देव जाणे.

"तुम्हाला यायला मनाई आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे. दोर आण इकडे, लादिम."

दोघं लटकले. चारी पाय जमिनीवरून सुटले. फांदीने हूं की चूं केलं नाही. तरी त्याने पुन्हा झोका घेतला, पुन्हा, एखाद्याने रागाने घंटा ओढावी तसा. मग सोडला आणि म्हणाला, "जा. वर दिसेल ते दिसेल. उतरताना घाई करू नकोस."

"घाई तुम्हाला होती. दोन वर्षांपूर्वी."

त्याने मान खाली घातली. तेवढ्यासाठीच दोन महिने काढले होते मी.

चढले. खालच्या फांदीचं तुटलेलं थोटूक लागलं, आतून पोकळ, मुंग्यांनी भरलेलं. त्याच्यावर वाढलेल्या नेच्याने ते खालून दिसणं शक्यच नव्हतं. पुढे गेले. बेचाळीस मीटर. थैली पाहिली. हातात घेतली. परत तिथेच ठेवली.

मग बिया काढल्या. तीन पोती. त्या काढायच्याच होत्या.

खाली आले. एकच प्रश्न विचारला. त्यांनी उत्तर दिलं. पुढचं आज लिहवत नाही.

१६ ऑगस्ट

कुनुल काका म्हणाले होते — "मी सांगितलं गिम्बांगला, झाडाने ठेवली, आज सोड. तर म्हणतो, पोरीने शिवलीय, झाडाला कशी देऊ? खालच्या फांदीवर दोर टाकला. मी लटकलोच नाही गं. म्हटलं मी लटकलो नाही तर तो चढणार नाही. तो चढला."

वर बेचक्यात जीन्सचं निळं कापड कुजून धागे लोंबतायत. शिसं आहे. तांब्याचं बटण आहे.

आज फोंग मॅडमकडून माझी चार पानं परत घेतली. मग जुना अहवाल मागून घेतला आणि काकांच्या चार शब्दांखाली माझे चार लिहिले — थैली त्याच्या मुलीची होती.